भंगार कशाला म्हणावे?

गेल्या कोजागिरीची गोष्ट. मंडळाच्या गच्चीवर दूध आटत होते आणि गप्पांना रंग चढला होता. एका वडीलधाऱ्या सभासदांनी मला विचारले, "काय बाई, लेकीकडे विलायतेला जाऊन आलात म्हणे. काय काय पाहिलेत?" मी खरे ते सांगितले. सोळा दिवस आम्ही मोटारीमागे कॅरॅव्हॅन जोडून इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून हिंडलो आणि जुन्या इंजिनांचे तीन मेळावे पाहिले. क्षणभर शांतता पसरली. मग ते सद्‌गृहस्थ म्हणाले, "म्हणजे शेक्सपिअरच्या देशात जाऊन तुम्ही भंगार पाहत हिंडलात!" सगळे हसले. खोटे कशाला बोलू, मीही हसले. त्या वेळी उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर सुचले आणि ते लांबत गेले. संपादकांनी जागा दिली आहे, म्हणून ते येथे मांडते. ते विनोद करणाऱ्या त्या एका गृहस्थांना उद्देशून नाही. त्या विनोदाला हसलेल्या आपणा सर्वांना उद्देशून आहे, आणि त्यात मी पहिली आहे.

आधी ही सहल काय होती ते सांगितले पाहिजे. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरची एक खोली. मोटारीमागे ती जोडायची, मुक्कामी पोहोचले की चार कोपऱ्यांना टेकू देऊन ती समपातळीत आणायची, शेजारी कनात ताणायची, आणि शेताच्या कडेच्या नळावरून पाण्याचे पिंप ढकलत आणायचे. हे शेवटचे काम माझ्या अकरा वर्षांच्या नातीकडे होते आणि ते तिने मोठ्या अभिमानाने केले. जावई मूळचे सांगलीकडचे. त्यांच्या वडिलांचे पंप-दुरुस्तीचे दुकान होते, त्यामुळे हौस त्यांचीच. मुलगी प्रारंभी माझ्यासारखीच नाराज होती. "आई, तुला लंडन दाखवायचे सोडून हे चिखलात काय नेतात!" असे ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली नाही.

मेळावा भरतो तो एखाद्या शेतकऱ्याच्या कापणी झालेल्या कुरणात. एका अंगाला वाफेची प्रचंड ट्रॅक्शन इंजिने आणि रोड-रोलर, दुसऱ्या अंगाला जुने ट्रॅक्टर, मध्ये जत्रेतला वाफेवरचा पाळणा आणि भोके पाडलेल्या पुठ्ठ्यावरून सूर काढणारा अजस्र बाजा. एका कोपऱ्यात वाफेच्या इंजिनाला लांब पट्टा लावून मळणीयंत्र चालवून दाखवतात. खरे गहू, खरा पेंढा, खरी धूळ. परंतु मला खिळवून ठेवले ते याहून लहान वस्तूंनी. दोरी बांधून आखलेल्या जागेत एका ओळीत साठ-सत्तर लहान इंजिने मांडलेली असतात. एका जागी बसवून चालवायची, एके काळी शेतातला पंप, गोठ्यातले दूध काढायचे यंत्र, कडबा कापायचे यंत्र किंवा घरातल्या दिव्यांसाठीचा डायनामो चालविणारी. प्रत्येकापुढे एक पाटी असते: बनविणारा, साल, अश्वशक्ती, आणि ते कुठे सापडले. कोणी म्हणते, कुंपणाच्या झुडपात. कोणी म्हणते, बुजलेल्या विहिरीपाशी. मागे घडीच्या खुर्चीवर मालक आणि मालकीण थर्मासमधला चहा पीत बसलेले, आणि त्यांच्याही मागे त्यांची कॅरॅव्हॅन. इंजिन चालूच. काही इंजिनांची रीत अशी की एकदा 'धड्' करून पेट घेते, आणि वेग पुरेसा आहे तोवर चार-सहा फेरे नुसतेच निःश्वास टाकत फिरते; वेग उतरला की पुन्हा 'धड्'. ती लय कानात बसली की रात्री झोपेतही ऐकू येते.

ही माणसे कोण? मी अनेकांशी बोलले. एक निवृत्त बसचालक, एक शाळेतील शिपाई, एक दूधवाला, दोन शेतकरी, एक परिचारिका आणि तिचा भाऊ. उमराव एकही नव्हता. लिस्टर कंपनीचे दीड अश्वशक्तीचे 'डी' इंजिन अशा मेळाव्यांत पैशाला पासरी असते. डर्स्ले या ग्लॉस्टरशरमधील गावी १८६७ साली स्थापन झालेल्या या कंपनीने ते १९२६ पासून जवळजवळ चार दशके बनविले. दुर्मिळ नाही म्हणून त्याला कोणी कमी लेखीत नाही. ज्याच्या खिशाला जे परवडते ते तो सांभाळतो.

हे सारे सरकारने घडविले असा आपला समज होईल. तसे नाही. या चळवळीचा उगम एका पैजेत आहे. १९५० साली बर्कशरमधील ॲपलफर्ड गावी आर्थर नॅपर नावाच्या शेतकऱ्याने आपले मार्शल बनावटीचे इंजिन दुसऱ्या एका मालकाच्या ॲव्हेलिंग अँड पोर्टर इंजिनाशी शर्यतीत उतरविले. पैज होती एका लहान पिंपभर बिअरची. ज्या काळात ही इंजिने मोडीच्या भावाने तोडली जात होती त्या काळात दोन माणसांनी ती पळवून दाखविली, पुढे लोक जमू लागले, आणि १९५४ साली अशा मालकांचा राष्ट्रीय क्लब निघाला. त्याच सुमारास, १९५१ साली, वेल्समधील टॅलिथ्लिनचा लहान रेल्वेमार्ग स्वयंसेवकांनी हाती घेऊन चालविला. बंद पडू घातलेली रेल्वे हौशी मंडळींनी चालविण्याचे जगातील ते पहिले उदाहरण मानतात, आणि त्यात पुढाकार घेतला तो एल. टी. सी. रोल्ट या लेखकाने. माझ्या साहित्यिक मित्रांनी एवढे एक वाक्य तरी लक्षात ठेवावे.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे जुनी यंत्रे जपतच नाहीत असे मी म्हणणार नाही. दिल्लीत १९७७ पासून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. १८५५ साली बांधलेले 'फेअरी क्वीन' इंजिन १९९७ साली पुन्हा रुळांवर धावले. रेवाडीच्या शेडमध्ये वाफेची इंजिने आजही चालत्या अवस्थेत राखली आहेत. परंतु हे अपवाद झाले. आपली सर्वसाधारण रीत म्हणजे चौथरा. इंजिनाला गडद रंग फासायचा, रेल्वे-स्थानकापुढे किंवा बांधकाम खात्याच्या कचेरीपुढे सिमेंटच्या ओट्यावर ते चढवायचे, एखाद्या पाहुण्याच्या हस्ते फीत कापायची, आणि नंतर पावसाने ते आतून खाऊन टाकेपर्यंत त्याकडे पाहायचे नाही. यंत्राचा पुतळा करणे ही यंत्राची दुसरी मोडतोडच आहे. भंगारवाला ते एका दिवसात तोडतो, आपण पन्नास वर्षांत. चालत्या इंजिनाला तेल घालणारा माणूस लागतो, त्याच्या हातातली कला लागते, आणि ती कला पुढच्या हातात द्यावी लागते. चौथऱ्यावरच्या इंजिनाला यातले काहीच लागत नाही, म्हणून ते सोयीचे.

आणि 'व्हिंटेज' हा शब्द आपण कशासाठी वापरतो? राजेरजवाड्यांच्या मोटारींसाठी. दिल्लीचा 'स्टेट्समन'चा मोटार-मेळावा १९६४ पासूनचा. २०२३च्या जानेवारीत वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले आणि आपल्यापैकी पुष्कळांनी तेथे जाऊन छायाचित्रे काढून घेतली. त्यात वाईट काही नाही. मोटारी सुंदर होत्या. परंतु त्याच वडोदरा जिल्ह्यात किती मळ्यांवर तेलाची इंजिने चालत होती, ती कोणी चालविली, त्यांतले एक तरी कुठे उरले आहे का, हा प्रश्न त्या गर्दीत कोणाला पडला होता? महाराजांची गाडी वारसा आणि शेतकऱ्याचे इंजिन भंगार, ही वाटणी इंग्रजांनी आपल्याला शिकविली नाही. ती आपल्या घरची आहे. ज्या कामात हात काळे होतात ते काम आपले नव्हे, असे मानणाऱ्या पांढरपेशा घरांत आपण वाढलो, आणि संस्कृती म्हणजे बैठकीच्या खोलीत जे चालते तेवढेच अशी आपण समजूत करून घेतली.

बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाला तर ही समजूत मुळीच परवडणारी नाही. कारण आपल्या संस्थानांचा इतिहास जितका दरबारी गायकांचा आणि ग्रंथालयांचा आहे, तितकाच तो यंत्रांचा आहे. १८६२ साली खंडेराव महाराजांच्या राज्यात डभोई ते मियागाम अशी अरुंद मार्गाची रेल्वे झाली, तेव्हा तिचे डबे बैल ओढीत. पुढे तेथे वाफेची इंजिने आली आणि डभोई हे अरुंद मार्गांच्या मोठ्या जाळ्याचे केंद्र बनले. तुकोजीराव होळकरांनी खांडवा ते इंदूर रेल्वेसाठी १८७० साली इंग्रज सरकारला १ कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने दिले. राजा सरकारला कर्ज देतो आणि त्यातून रेल्वे येते, ही गोष्ट इंदूरच्या किती मराठी घरांतील मुलांना ठाऊक आहे? आमच्या ग्वाल्हेरीत माधवराव शिंद्यांनी दोन फूट रुंदीच्या मार्गाची रेल्वे घातली. शिवपुरी, भिंड आणि पुढे श्योपूरपर्यंत ती गेली. ग्वाल्हेर ते श्योपूर हा सुमारे २०० किलोमीटरचा मार्ग या रुंदीच्या मार्गांत जगातील सर्वांत लांब गणला जाई. २०२० च्या मार्चमध्ये त्यावरची गाडी थांबली आणि तेथे रुंद मार्गाचे काम हाती घेण्यात आले.

ती गाडी थांबली म्हणून मी रडत नाही. छपरावर बसून जीव मुठीत धरून प्रवास करणाऱ्या खेडुतांना रुंद मार्ग हवा होता, आणि तो व्हायलाच हवा. माझी तक्रार वेगळी आहे. जयविलास राजवाड्यात पाहुणे आले की आपण त्यांना जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी दाखवितो आणि तिची कथा रंगवून सांगतो. परंतु खऱ्या लोखंडी गाडीचे चालक, फायरमन, फिटर शंभरांवर वर्षे याच शहरात राहिले, त्यांच्यापैकी एकाचीही मुलाखत आपल्या मंडळाने घेतलेली नाही. गाडी बंद झाली त्या वर्षी आपल्या या त्रैमासिकात तिच्यावर एक ओळ आली नाही. मी जुने अंक काढून पाहिले. त्या वर्षी माझाच एक लेख आहे, नवकवितेतील प्रतिमांवर.

यावर तीन आक्षेप येतील हे मला दिसते, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप असा, की हे श्रीमंत देशाचे चोचले आहेत. पोट भरलेल्यांना जुनी इंजिने सुचतात. याचे अर्धे उत्तर वर दिलेच आहे: ते बसचालक आणि दूधवाले श्रीमंत नव्हते. उरलेले अर्धे असे, की आपण खर्च करीत नाही असे थोडेच आहे? मंडळाच्या सभागृहाला वातानुकूलन यंत्रे बसविताना आपण हात आखडता घेतला नाही. एका जुन्या तेलाच्या इंजिनाला जागा लागते ती एका खाटेएवढी, आणि वर्षाकाठी तेल लागते ते दोन-चार डबे. अडचण पैशाची नसून मनाची आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही यंत्रे परक्या सत्तेबरोबर आली, त्यांनी आपले कारागीर देशोधडीला लावले, मग त्यांचे गोडवे का गावेत? यात तथ्य आहे. विलायतेतील त्या कुरणांवर उभी असलेली माणसे आपल्या इंजिनाचा इतिहास सांगताना साम्राज्याच्या हिशेबाची ती बाजू क्वचितच सांगतात, हेही मी पाहिले. परंतु या आक्षेपाला आपल्याच एका माणसाने फार पूर्वी उत्तर दिले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान घातले, कडबा कापायची यंत्रे केली, लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन नासते असे म्हणत शेतकरी ते नांगर घेईनात, तरी ते खचले नाहीत. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना माळरान दिले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे १९४६ साली याच घराण्याने पुण्यात खडकीला तेल-इंजिनांचा कारखाना काढला. परक्याचे यंत्र फेकून न देता ते समजून घेऊन स्वतः घडविणे, हा मार्ग मराठी माणसाने काढला आहे. ज्याला ते यंत्र परके वाटते त्याला हा इतिहासही परका झाला आहे.

तिसरा आक्षेप आमच्यासारख्या साहित्यसेवकांचा: हे सारे ठीक, पण साहित्य मंडळाचा याच्याशी संबंध काय? संबंध असा. १९२० साली किर्लोस्करांच्या कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' नावाचे एक पत्रक निघाले. कारखान्याची बातमी देण्यासाठी निघालेले ते पत्रक शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि त्याने मराठीच्या दोन पिढ्या वाढविल्या. त्याच घरातून 'स्त्री' आणि 'मनोहर' निघाली. आपल्यापैकी कितीतरी घरांत त्यांचे बांधीव अंक अजून आहेत, माझ्याही आहेत. म्हणजे ओतशाळेच्या आवारातून मराठी साहित्य निघू शकते. मग मराठी साहित्याच्या आवारात एक इंजिन राहिले तर त्याला विटाळ होईल काय?

शिवाय भाषेचा प्रश्न आहेच. मोट गेली तशी तिच्याबरोबर नाडा, धाव, थारोळे ही शब्दांची दावणच गेली. आज ग्रामीण कथा शिकविताना हे शब्द तळटीप देऊन सांगावे लागतात. मी ते तीस वर्षे सांगितले. मोटेच्या जागी जे इंजिन आले तेही आता गेले, आणि त्याचे शब्द तर कोणी टिपूनही ठेवले नाहीत. आमच्या मळ्यावरचा मिस्तरी पिस्टनला 'पिष्टन' म्हणे. इंजिन थंडीत नीट पेटले नाही तर 'खाकरतंय' म्हणे, भार पडून दबले तर 'दम खातंय' म्हणे. त्याची बोली म्हणजे मराठी, बुंदेली आणि इंग्रजी यांची अशी मिसळ होती की ती ग्वाल्हेरबाहेर कुठे ऐकू आली नसती. मी भाषेची अध्यापिका. ती बोली माझ्या अंगणात होती आणि मी एक शब्द लिहून घेतला नाही.

त्या इंजिनाविषयी आता सांगायलाच हवे, कारण या लेखाचे खरे कारण तेच आहे.

मामंजींनी १९५२ साली मळ्यासाठी विलायती डिझेल इंजिन घेतले. लिस्टरचेच. एक उभा सिलिंडर, दोन्ही बाजूंना दोन जड चाके, हिरवा रंग. ते मिनिटाला सहाशे फेरे घेई आणि त्याचा 'पुक् पुक्' आवाज मळ्यापासून रस्त्यापर्यंत येई. मिस्तरीने ते बत्तीस वर्षे चालविले. मामंजी गेले, विजेचा पंप बसला, आणि १९८७ साली इंजिनघराची जागा मोकळी करायची म्हणून मी भंगारवाल्याला बोलाविले. निर्णय माझा होता. घरातील पुरुषांनी तो माझ्यावर सोपविला होता. मिस्तरी त्या दिवशी न बोलाविता आला. काही बोलला नाही. इंजिन उचलू लागले तेव्हा मात्र पुढे होऊन म्हणाला, "बाईसाहेब, एवढा हँडल मला ठेवू का?" भंगारवाला म्हणाला, सौदा सगळ्या मालाचा झाला आहे. मिस्तरीने माझ्याकडे पाहिले. तो हँडल दोन-अडीच किलोंचा असेल. मला वाद नको होता, उन्हाचा त्रास होत होता. मी म्हणाले, "जाऊ द्या हो, काय करायचा आहे तो आता!" तो बरे म्हणाला आणि निघून गेला. पुढच्या वर्षी तो वारल्याचे कळले. बत्तीस वर्षांत तो आमच्या बैठकीच्या खोलीत एकदाही आला नव्हता, हे मला त्यानंतरही पुष्कळ वर्षांनी लक्षात आले.

गेल्या ऑगस्टमध्ये डर्स्लेपासून फार दूर नसलेल्या एका कुरणावर मी तेच इंजिन पाहिले. तोच हिरवा रंग, तीच दोन चाके. मालक ऐंशीच्या घरातले गृहस्थ होते. मी म्हटले, आमच्याकडे असेच होते, हिंदुस्थानात. त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी विचारले, "नंबर काय?" पितळी पट्टीवरच्या नंबरावरून इंजिनाचा महिना आणि साल सांगणारी माणसे त्यांच्यात आहेत, म्हणून हा प्रश्न ते सर्वांत आधी विचारतात. मला नंबर ठाऊक नव्हता. मग त्यांनी विचारले, "आता कुठे आहे?" मी गप्प राहिले. त्यांनी पुन्हा विचारले नाही. माझ्या नातीला जवळ बोलावून तिच्या हातात हँडल दिला आणि पहिला धडा दिला: अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडलभोवती वळवायचा नाही, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. मग झडप उचलून धरली, तिच्या हातांवर आपला हात ठेवला, दोघांनी मिळून चाक फिरविले, झडप सोडली, आणि इंजिन बोलू लागले. पोरीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. रात्री कॅरॅव्हॅनमध्ये ती मला म्हणाली, "आजी, तुझ्याकडच्या इंजिनला पण असंच करायचे?" मी हो म्हटले.

त्या लोकांचे सारे सुखात चालले आहे असे मात्र कोणी समजू नये. ऐंशीच्या घरातल्या मालकांची मुले इंजिने घ्यायला तयार नाहीत, ही कुरकुर मी प्रत्येक मेळाव्यात ऐकली. दक्षिण वेल्समधील मर्थर टिडफिलजवळची मोठी उघडी कोळसा-खाण २०२३च्या अखेरीस बंद झाली आणि वाफेच्या इंजिनांना जवळचा चांगला कोळसा मिळणे कठीण झाले. हवामानाचा विचार करता खाण बंद होणे योग्यच, असे इंजिनवाल्यांपैकीही काही म्हणतात. डॉर्सेटमधील वाफ-इंजिनांची १९६९ साली सुरू झालेली प्रसिद्ध जत्रा २०२२ मध्ये भरली, परंतु २०२३ ची वाढत्या खर्चामुळे रद्द करावी लागली. म्हणजे संकट त्यांच्यावरही आहे. फरक एवढाच की, त्यांच्याकडे गमावण्याजोगे काही शिल्लक आहे आणि ते गमावले जात आहे हे त्यांना कळते आहे. आपण गमावल्याची नोंदही नाही.

म्हणून या लेखाच्या शेवटी हळहळ व्यक्त करून मी थांबणार नाही. तीन कामे सुचवते आणि त्यांसाठी स्वतःचे नाव देते.

पहिले, नोंद. ग्वाल्हेर, इंदूर, देवास, वडोदरा, बेळगाव, हैदराबाद येथील जुन्या मराठी घरांच्या मळ्यांवर, वाड्यांच्या मागल्या पडवीत, बंद पडलेल्या पिठाच्या गिरण्यांत अजून काही इंजिने असतील. ज्यांच्याकडे असेल त्यांनी पितळी पट्टीवरची अक्षरे आणि नंबर जसाच्या तसा उतरवून मंडळाच्या कार्यालयात कळवावा. विकायचे असेल तर जरूर विकावे, पण आधी नंबर लिहावा.

दुसरे, माणसे. ज्यांनी ही यंत्रे चालविली, दुरुस्त केली, ते बहुतेक आपले सभासद नाहीत आणि त्यांना आपण कधी बोलाविलेही नाही. त्यांना बोलवावे, खुर्चीवर बसवावे, आणि त्यांचे शब्द ध्वनिमुद्रित करावेत. ग्वाल्हेरच्या अरुंद मार्गावरील निवृत्त कर्मचाऱ्यांपासून प्रारंभ करता येईल. त्यांतले अनेक उतारवयात आहेत, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकण्याचे नाही.

तिसरे, एक चालते इंजिन. येत्या गणेशोत्सवात दहा दिवस मंडपाबाहेर एक जुने तेल-इंजिन चालत ठेवावे. मुलांना ते सुरू करू द्यावे, जाणत्याच्या देखरेखीखाली आणि अंगठा कुठे ठेवायचा ते आधी सांगून. व्याख्यानाच्या वेळी ते बंद ठेवू, म्हणजे वक्त्यांची तक्रार येणार नाही. इंजिन मिळवून देण्याची जबाबदारी माझी. भिंड रस्त्यावरच्या एका बंद गिरणीत एक आहे असे कळले आहे. मालकांशी बोलणे झाले आहे. त्यांनी भंगाराचा भाव सांगितला आणि मी तो कबूल केला. मात्र हँडल सौद्यात धरला आहे ना, हे मी दोनदा विचारून घेतले.